कपडे वाळविण्याचें यंत्र कां तापतें?

पावसाळ्यांत दमट कपड्यांच्या वासाला कंटाळून कित्येक कुटुंबांनीं आतां कपडे वाळविण्याचें विजेचें यंत्र घेतलें आहे. आमच्या घरींही तें आहे. गेल्या श्रावणांत त्यांतून करपल्याचा वास येऊं लागला व एके दिवशीं तें मध्येंच बंद पडलें. दुरुस्तीस आलेल्या कारागिरानें आंतील उष्णतारोधक फ्यूज काढून तारा सरळ जोडून देण्याची तयारी दाखविली. आम्हीं त्यास स्पष्ट नकार दिला. कारण हा फ्यूज म्हणजे यंत्राचा पहारेकरीच होय. तो जळाला तर नवा बसवावा, पण आधीं तो कां जळाला हें शोधावें.

बहुधा दोष कोंडलेल्या हवेचा असतो. वीज तोडून आम्हीं जाळी काढून पाहिली, तों तिच्यावर कपड्यांच्या तंतूंचा जाड थर! मागील नळीही भिंतीशीं दबून चेपलेली. अमेरिकेंत २००८ ते २०१० या काळांत अशा यंत्रांमुळें घरांतून दरसाल सुमारें २,९०० आगी लागल्या. सफाईची हयगय हेंच त्यांचें प्रमुख कारण आढळलें.

म्हणून जाळी प्रत्येक खेपेस साफ करावी, कपडे ठासून भरूं नयेत. विशेषतः अभ्यंगाचे व बाळाच्या मालिशीचे तेलकट पंचे यंत्रांत मुळींच घालूं नयेत; धुतल्यावरही उरलेलें तेल उष्णतेनें आपोआप पेट घेऊं शकतें. ते दोरीवरच वाळत घालावे. दोन दिवस ओल सोसेल, पण घरांत निजलेल्या मुलांमाणसांच्या जिवाशीं खेळ नको.