गच्चीची किल्ली मागून घ्या

मीरा-भाईंदरकरांनो, 31 डिसेंबर 2028 ही तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला जाईल आणि तासाभराहून जास्त वेळ तांबूस राहील. हिवाळ्यातली पौर्णिमा, म्हणजे चंद्र बराच वर. समोरच्या टॉवरची आडकाठी नाही. दुर्बीण नको, काळा चष्मा नको. डोळे जपायचे ते सूर्यग्रहणाला.

मोबाइलवर याहून स्वच्छ दिसतं, असं म्हणाल. 7 सप्टेंबर 2025चं ग्रहण कित्येकांनी पलंगावर पडून तसंच पाहिलं. पण चंद्रावर चढते ती सावली आपली असते. तिचा वाकडा काठ म्हणजे पृथ्वीचा गोलवा, आणि त्या पृथ्वीवर मीरा रोड आलं, उत्तनचा किनाराही आला. तो तांबूस रंगही इथलाच: पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला उजेड, म्हणजे त्या घटकेला जगात जिथे जिथे सूर्य उगवतो-मावळतो आहे तिथला. हे गच्चीवर मान वर करून पोराला सांगितलं, तर त्याच्या ध्यानात राहतं.

आणि सोबत कोण होतं, हेही राहतं. 21 डिसेंबर 2020च्या संध्याकाळी गुरू आणि शनी जवळजवळ चिकटलेले दिसले. इतके जवळ ते 1623नंतर आले नव्हते. आमच्या इमारतीत त्या युतीचं नाव निघालं की 1623चा आकडा कुणालाच आठवत नाही. कठड्याशी कोण कोण उभं होतं, ते आठवतं. त्यातले काहीजण पुढच्याच वर्षी करोनाच्या लाटेत गेले.

घरात ग्रहण पाळणारी आजी असेल तर वाद घालू नका. तिला उपास करायचा तर करू द्या, पण गच्चीवर या म्हणावं. गरोदर सुनेला मात्र खोलीत कोंडू नका. त्या सावलीने पोटातल्या बाळाला काही होत नाही.

तोवर सवय म्हणून दर डिसेंबरच्या 13-14 तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघा. (ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव आपल्याकडे पावसाला वाहिलेला.) आपल्या दिव्यांच्या झगमगाटात मोजक्याच उल्का दिसतील, उत्तन-गोराईच्या बाजूला थोड्या जास्त. वीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा, तेव्हा कुठे डोळे अंधाराला सरावतात. तिकडे गेलातच तर एखाद्या कोळीदादांशी बोला. उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना चंद्राकडे बघून कळतं. आपल्याला तिथीसुद्धा कॅलेंडरात शोधावी लागते.

बहुतेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं आणि कोजागिरीपुरतं ते निघतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय काढा: आकाश बघायच्या रात्री गच्ची उघडी आणि वरचे मोठे दिवे बंद. 2028चा अर्ज सचिवांकडे वेळेत द्या. थर्टी फर्स्टला त्याच गच्चीसाठी डीजेवाल्यांचाही अर्ज येणार आहे.