झेरॉक्स मागणाऱ्यालाच जाब विचारा

इलाइट चौराहा हा झाशीतला गजबजलेला चौक. राणीचा किल्ला पाहायला गेलेले मराठी कुटुंब शहरात एखाद्या हॉटेलात उतरते आणि खोलीची किल्ली मिळण्याआधी काउंटरवरून मागणी होते: सगळ्यांची आधार कार्डे द्या. कधी झेरॉक्स काढली जाते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला सांगतात. पुण्यात, कोल्हापुरात, पणजीतही हेच चालते. पाहुणे दोन दिवसांनी निघून जातात; नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि बारा आकडी क्रमांक मात्र कुणाच्या तरी फोनमध्ये राहतो. माहितीची चोरी म्हटले की सर्व्हर फोडणारा हॅकर डोळ्यांसमोर येतो. तोही आहेच. पण त्याच्यापर्यंत जाण्याची गरजच पडू नये इतकी माहिती आपण रोज वाटत सुटलो आहोत. म्हणून नागरिकाला ‘सावध राहा’ सांगून भागणार नाही. गरज नसताना माहिती मागणे आणि साठवणे, हेच बंद झाले पाहिजे.

सरकारी यंत्रणेला हे कळत नाही असे नाही. 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने बजावले होते, की आधारची प्रत कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ वापरा. आधार वापरण्याचा प्राधिकरणाचा परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना अशा प्रती घेण्याची वा ठेवण्याची मुभा नाही, असेही त्यात म्हटले होते. गैरसमज होईल या कारणाने दोनच दिवसांत ते निवेदन मागे घेतले गेले आणि लोकांना नेहमीची खबरदारी घ्यायला सांगितले. म्हणजे जबाबदारी पुन्हा कार्डधारकाच्याच गळ्यात. पुढे काही राज्यांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून, आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढले गेले. त्या खातेदारांनी कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता. त्यांनी कोणती खबरदारी घ्यायला हवी होती?

सुरक्षेसाठी पाहुण्याची ओळख पटवावीच लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण झेरॉक्सने ओळख पटत नाही. संगणकावर नाव-फोटो बदलून बनावट प्रत काढणे अवघड राहिलेले नाही. कार्डावरचा क्यूआर कोड पडताळला तर खरे-खोटे तिथेच कळते, आणि रजिस्टरात नोंद केली की पोलिसांचेही काम भागते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे, की त्यांच्या कागदांवर दुसऱ्याने सिमकार्ड घेतले तर पोलीस आधी त्यांच्याच दारात येतील. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे मोबाइल क्रमांक तपासता येतात; ते प्रत्येकाने तपासावेत.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा अधिकार मूलभूत ठरवला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा यायला 2023 उजाडले, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यांतली मुख्य बंधने मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागण्याची वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ मध्ये आहे. नव्या कायद्याने तेच कलम वगळण्याची तरतूद केली आहे. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो त्याच्या कक्षेत येतो, फाइलला लावलेली कागदी झेरॉक्स येत नाही. छोट्या हॉटेलवाल्याला हे सगळे झेपेल का, असेही विचारले जाते. प्रती ठेवल्याच नाहीत तर त्याला काहीच सांभाळावे लागणार नाही. त्याच्यासाठीही सोपा मार्ग हाच आहे.

भरपाईचा हक्क कायम ठेवावा, कागदी प्रतींनाही कायदा लागू करावा आणि हॉटेलांनी आधारची प्रत घेण्यावर बंदीचा स्पष्ट आदेश केंद्राने काढावा. तोवर वाचकांनी कार्ड दाखवावे, नोंद करू द्यावी; प्रत मागितलीच तर ती कोणत्या नियमाखाली हवी आणि कधी नष्ट होणार, हे काउंटरवरच विचारावे.