संगणकाचा पत्ता आणि माणूस

पायथॉनमध्ये ‘गेटहोस्टनेम’ला विचारलं की संगणक स्वतःचं नाव सांगतो. ते नाव ‘गेटहोस्टबायनेम’ला दिलं की पत्ता मिळतो. पुष्कळदा उत्तर येतं १२७.०.०.१, म्हणजे नुसतं “मी इथेच आहे”! १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता आला, तर तसा आमच्या किनवटातही घरोघरी सापडेल. बाहेर दिसणारा पत्ता इंटरनेट कंपनीचा. आज आपल्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. तारीख-वेळेशिवाय त्याला अर्थ नाही. (हजेरीपटावर एकाच नावाची दोन पोरं असली की आम्ही बापाचं नाव विचारायचो, मगच छडी.)

२००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी झाली, तेव्हा अशाच पत्त्याच्या चुकीच्या माहितीवरून पुणे पोलिसांनी बंगळूरचा एक निरपराध अभियंता पकडला. ५० दिवस तो येरवड्यात होता. माझं म्हणणं, प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी त्या दोन ओळींबरोबर ही हकीकतही पोरांना सांगावी.