उन्हाचे वाटेकरी

धाराशिव जिल्ह्याला निसर्गाने पाऊस हातचा राखून दिला, ऊन मात्र सढळ हाताने दिले. त्या उन्हाचे आता पैसे होऊ लागले आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून तेथील कृषी वाहिनीवरील पंपांना दिवसा वीज द्यावयाची आहे. खासगी जमीन देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक 1 लाख 25 हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ. ग्रामपंचायतीस वर्षाला 5 लाख याप्रमाणे 3 वर्षांत 15 लाख रुपये. भूम-परांड्याकडील कोरडवाहू हेक्टराने खर्च वजा जाता एवढे कधी दिले? रात्री विंचू-सापाच्या भयात दारे धरणाऱ्याला दिवसाच्या विजेचे मोल तर वेगळे सांगावयास नको.

तथापि हा हिशेब पुरा मांडला की काही गोष्टी खटकतात. ग्रामपंचायतीचा वाटा 3 वर्षांत संपतो, प्रकल्पाचा करार मात्र 25 वर्षांचा. शासकीय जमीन नाममात्र भाड्याने जाते. ती गायरान असेल, तर तिच्यावर गुरे चारणारा भूमिहीन या वाटणीत कोठेच नाही.

आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो पंपधारक? 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला 2024 पासून वीज मोफत आहे. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु जो एक युनिट वाचवतो त्याला काही मिळत नाही आणि जो दिवसभर मोटर चालू ठेवतो त्याचे काही जात नाही. विंधनविहिरी खोल खोल चालल्या असताना ही उदासीनता परवडणारी नाही.

पंजाबने 2018 साली वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला 4 रुपये देण्याचा प्रयोग आरंभला. गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला 4 रुपये 63 पैसे दराने विकली. पाण्याऐवजी वीज विकणे फायद्याचे ठरले की मोटर बंद करण्यास कोणाचा उपदेश लागत नाही! महाराष्ट्रालाही वीज-सहकार नवा नाही. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेने सुमारे चार दशके वीज वाटली. थकबाकीचा डोंगर वाढला आणि 2011 मध्ये परवाना संपला. हिशेब ढिला राहिला, तर सभासदत्वही तारत नाही, हा धडा जवळचाच आहे.

तेव्हा महावितरणने धाराशिवमधील एखादी वाहिनी निवडून प्रारंभ करावा. अनेक पंपांना मीटर नाहीत, ही अडचण खरी. पण रोहित्रावर, म्हणजे गावकऱ्यांच्या डीपीवर, मीटर बसवणे शक्य आहे. त्यावरील पंपांसाठी मागील वापर पाहून वार्षिक युनिटची मर्यादा ठरवावी आणि वाचलेल्या युनिटचे पैसे त्या डीपीवरील शेतकऱ्यांच्या खात्यांत थेट जमा करावेत. दरमहा आकडे टिपून ते चावडीवर लावण्याचे काम गावातील महिला बचत गटाकडे सोपवता येईल.