पायपेटीचे पाय

आपल्या सभागृहाच्या रंगमंचामागे, मोडक्या बाकांच्या अडगळीत एक जुना ऑर्गन उभा आहे हे किती जणांना ठाऊक असेल? डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंद आहे. घसारा वजा जाता किंमत रुपया एक. यंदा निकामी वस्तूंच्या यादीत त्याचे नाव लागले आहे, म्हणजे लवकरच तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढणार. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. घसाऱ्याशी माझे भांडण नाही. पण हा ऑर्गन विकू नये, आणि तो पायांनी कसा वाजवतात हे आपल्यापैकी चार-पाच जणांनी तरी शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर मित्रमंडळी हसतात. म्हणतात, कीबोर्डवर ऑर्गनचे बटण आहे की! आहे, कबूल. कीबोर्ड हलका, स्कूटरवरून नेता येतो, पावसाळ्यात बेसूर होत नाही. पण ऑर्गनला श्वास आहे आणि तो श्वास वादकाच्या पायांत असतो. पेटी शिकताना सारे लक्ष बोटांकडे असते. अलंकार, पलटे, पट्ट्या. पायांचे कोणी विचारीत नाही. म्हणून तर आपल्याकडे पेटी वाजवणारे पुष्कळ, आणि ऑर्गनवर बसवले की सगळे पांगळे!

मीही त्यातलीच. निपाणीला आमच्या गल्लीत एक वृद्ध मास्तर राहतात. तरुणपणी मराठी आणि कन्नड दोन्ही नाटकांना त्यांनी साथ केलेली. त्यांच्या घरचा ऑर्गन मी पहिल्यांदा वाजवला तेव्हा मला वाटले, पायाचे काय एवढे? आईच्या शिलाई मशीनवर मी लहानपणापासून पाय मारते. तिथेच चुकले. मशीनला ठेका लागतो. ऑर्गनच्या पायाला ठेका लागला की घात. गणेशोत्सवात मी एका नाट्यपदाला साथ केली. तबला द्रुत लयीत गेला तसे माझे पायही त्याच्यामागे धावले, आणि आवाज तवंदी घाटातल्या एस्टीसारखा हिसके देऊ लागला. गाणाऱ्या काकू माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी मास्तर एवढेच म्हणाले, "पोरी, हात तालात ठेव, पाय तालातून काढ." पुढचे दोन महिने त्यांनी मला एकही पद शिकवले नाही. डाव्या हाताने एकच षड्ज धरायचा आणि पाय मारायचे. टाच पायट्यावर टेकलेली, दाब चवड्याचा. एक पाय तळाला पोचण्याआधी दुसऱ्याने सुरुवात करायची, म्हणजे भात्यात खंड पडत नाही. पायटा वर यायला स्प्रिंग आहे, आपण पाय ओढायचा नाही. जास्त खटके उघडायचे असतील तर हवा आधी साठवायची, मागून धावपळ करून उपयोग नाही. मी घाई केली की मास्तर म्हणत, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. मला दोन्ही अर्थ ऐकू येत.

त्यानंतर गुडघे. ऑर्गनच्या पट्ट्यांखाली दोन लाकडी दांडे असतात, ते गुडघ्याने बाहेर ढकलायचे. साधारणपणे उजव्याने आतली झडप उघडते आणि आवाज मोठा होतो. डाव्याने सगळे सूर एकदम बोलू लागतात. अडचण अशी की जो पाय भाता मारतो त्याचाच गुडघा दांडा सांभाळतो. पाय खालीवर, गुडघा आडवा. नवशिक्याचा गुडघा पायाबरोबर हलतो आणि आवाज थरथरतो. तेव्हा ढकलायचे ते मांडीच्या सांध्यापासून, अगदी थोडे, आणि परत येताना तितकेच हळू. स्टूल ठेंगणे असेल तर गुडघे वर येऊन नको तिथे लागतात. उंच असेल तर दांडा हुकतो. (घट्ट जीन्स घालून हे जमत नाही, हा माझा अनुभव. सलवार उत्तम.) गायक श्वास घेतो तेव्हा गुडघा उघडतो, तो पुन्हा सूर लावतो तेव्हा मिटतो. कीबोर्डलाही आवाजासाठी पायाचे पेडल जोडता येते, हे मला माहीत आहे. पण तिथे पाय चुकला तरी सूर चालूच राहतो. इथे पाय थांबला की सूर मेला.

हातपेटीत एक हात भात्यात गुंततो. पायपेटीत आणि ऑर्गनमध्ये दोन्ही हात मोकळे, म्हणून डावा हात खालचे सूर भरतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात हा भरणा फार मोलाचा होता. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांचे नाट्यपदांच्या साथीचे ध्वनिमुद्रण मिळाले तर बोटांऐवजी भात्याकडे कान देऊन ऐकावे.

आमच्या कन्नड विभागातील मित्रांना वाटेल, हे मराठी नाटकवाल्यांचे खूळ. तसे नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. 1880 साली 'शाकुंतल' आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. आणि कन्नड कंपनी नाटकांतही पायपेटी होतीच. शंभरी ओलांडलेले एणगी बाळप्पा याच जिल्ह्याचे. पेटीच्या बाबतीत तर बेळगावचे नाव मोठे. कागवाडला 1917 साली जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे 2010 पर्यंत इथेच होते, आणि त्यांच्याकडे दोन्ही भाषांची मुले शिकली.

आपला ऑर्गन मी मागच्या महिन्यात शिपाईमामांच्या परवानगीने उघडून पाहिला. भात्याचे कापड दोन ठिकाणी फाटले आहे, डाव्या पायट्याचा पट्टा तुटला आहे, उंदरांनी आतला नमदा कुरतडला आहे. सूर मात्र बहुतेक शाबूत आहेत. दुरुस्तीचा खर्च येईल, तो स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या खर्चापेक्षा जास्त असेल असे मला वाटत नाही. प्राचार्यांना मी अर्ज दिला आहे. त्यावर मराठी विभागातील 11 आणि कन्नड विभागातील 7 जणांच्या सह्या आहेत. मास्तर ऐंशीच्या पुढे आहेत, पण शनिवारी निपाणीहून एस्टीने यायला तयार आहेत. त्यांची अट एकच: स्टूल बरोबर उंचीचे हवे. सुताराला माप दिले आहे.