‘त्याला नाही जमायचं’ म्हणून सुटलेला पुरुष

मी परिचारक आहे. रुग्णालयाच्या बोलीत ‘ब्रदर’. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात माझी ड्युटी असते. नव्याने आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘सिस्टर कुठं गेल्या?’ बाळाकडे मीच बघतोय म्हटलं, की सोबतची आजी आधी माझ्या हातांकडे बघते. दीड किलोचं लेकरू या हातांत द्यावं की नाही, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. पुढे तीच आजी ‘ब्रदर, दूध कमी पितंय हो’ म्हणत मला शोधत येते. तिच्यावर माझा राग नाही. बाळाला न्हाऊमाखू घालणारा पुरुष तिच्या पाहण्यातच आलेला नाही. माझं भांडण आहे ते पुरुषाचं एकच चित्र रोज रंगवून घरोघरी पोचवणाऱ्यांशी.

आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही लागला की हे चित्र दिसतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधला गुरुनाथ आणि ‘आई कुठे काय करते’मधला अनिरुद्ध महाराष्ट्राने वर्षानुवर्षं पाहिले. बायकोला फसवणारे असे नवरे असतात, तेव्हा ते दाखवायलाच हवेत. सोसणाऱ्या बाईला या मालिकांनी बळ दिलं असेल, तर चांगलंच झालं. पण मालिकेच्या मध्ये जाहिरात लागते आणि तिथे दुसरा पुरुष येतो. हा चहा करायला गेला की दूध उतू जातं, पांढऱ्या कपड्यांत लाल शर्ट टाकतो, बाळाचा डायपर उलटा लावतो. मग बायको हसत येते आणि सगळं निस्तरते. मोबाइलवर फिरणाऱ्या नवरा-बायकोच्या विनोदांतही हाच. तिसरा मोठ्या पडद्यावर. २०२३ च्या ‘अ‍ॅनिमल’मधला नायक बापावरचं प्रेम माणसं मारून सिद्ध करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. लबाड, बावळट आणि हिंस्र. तिघांच्या तऱ्हा वेगळ्या, पण रात्री तीन वाजता रडणाऱ्या बाळाला उचलून घेईल असा यांतला एकही नाही.

इथे बऱ्याच वाचकांना वाटेल, आता हा बिचाऱ्या पुरुषांची बाजू मांडणार. तसं नाही. या चित्राने पुरुषाची बदनामी होते हे खरं, पण त्या बदनामीत त्याचा केवढा फायदा आहे! ‘त्याला नाही जमायचं’ हे वाक्य वरून टोमणा वाटतं, प्रत्यक्षात ती कायमची सूट असते. ज्याला जमतच नाही त्याला काम कोण सांगणार? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाची रोजची सरासरी बायकांची २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं आली. तीही घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. जे लावतच नाहीत ते पुरुष या ८८ मिनिटांत मोजलेलेही नाहीत. जाहिरातीतल्या त्या बावळट नवऱ्याला हसणारी बाई उठून भांडी घासायला जाते आणि तो सोफ्यावरच बसून राहतो. विनोद त्याच्यावर झाला, पण त्याचा भुर्दंड तिला बसला.

ज्याला खरंच काही करायचं असतं, त्याच्या वाटेत मात्र हे चित्र आडवं येतं. आमच्याकडे कमी वजनाच्या बाळांना ‘कांगारू’ देतात. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट घालून उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण इन्क्युबेटर पुरत नव्हते. पुढे भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं, तर मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी होतात, असं त्यात आढळलं. छाती आईचीच हवी असं नाही. आई नसेल तर वडिलांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी बाळाला घ्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

एका बाळाच्या आईला बाळंतपणात झटके आले होते. ती मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात, बाळ आमच्याकडे. वडील ट्रॅक्टर चालवणारे, दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. गावाहून कुठली मावशी येऊ शकेल, यावर घरच्यांची फोनाफोनी चालली होती. चार पावलांवर बसलेल्या बापाचं नाव कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही. मी त्याला आत घेतलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, शर्ट काढायला सांगितला आणि बाळ छातीवर ठेवलं. पहिल्या पाच मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला. अर्ध्या तासाने तो इतका स्थिर बसला होता, की बाळ गाढ झोपलं. तेवढ्यात त्याचा भाऊ काचेतून डोकावला आणि हसून म्हणाला, ‘काय रे, बाई झालास का?’ त्यावर त्या बापाने मला एकच विचारलं, ‘ब्रदर, मधे पडदा ओढता येईल का?’ मी पडदा ओढला. पुढे रोज तो वेळेवर यायचा, काढलेलं दूध वाटी-चमच्याने नीट पाजायचा. पण आधी पडदा ओढून घ्यायचा.

आपल्याकडे सेवा करणाऱ्या पुरुषाला मान नाही असंही नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची शुश्रूषा करणारे साने गुरुजी आणि कुष्ठरुग्णांच्या जखमा धुणारे बाबा आमटे आपण डोक्यावर घेतले. मात्र त्यासाठी पुरुषाने आधी महात्मा व्हावं लागतं. साधा नवरा तेच काम घरी करू लागला, की तो ‘बायकोचा बैल’ होतो.

हेच चित्र शासनाच्या कागदावरही उतरलं आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवसांची. ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण ती महिलांना आणि एकट्या पुरुषांना. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती महिला कर्मचाऱ्यांना मिळते आणि ज्याची पत्नी हयात नाही किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली आहे, अशा पुरुषाला. म्हणजे बायको धडधाकट असेपर्यंत बापाने लेकरू सांभाळण्याचं कारण नाही, असं शासनच मानून चालतं. खासगी नोकरदाराला तर पितृत्व रजेचा कायदाच नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा कायद्याने दिली ती आईला. बाप त्याच इमारतीत कामाला असला, तरी त्याचा उल्लेख नाही. एम्स संस्थांच्या परिचर्या भरतीतही ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, असं सूत्र काही वर्षांपूर्वी आलं.

लेकरांच्या कामांत पुरुष हवेत म्हटलं, की मला ऐकवलं जातं, ‘बदलापूर विसरलात का?’ नाही विसरलो. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी आली, तेव्हा आमच्या विभागातही आयांच्या नजरा बदलल्या होत्या. ती भीती खोटी नाही आणि तिच्यावर रुसण्याचा हक्क मला नाही. महिला रुग्णाची तपासणी असेल तेव्हा महिला कर्मचारी हजर हवी, हा नियम मी काटेकोर पाळतो आणि त्यात मला अपमान वाटत नाही. दार उघडं ठेवा, कॅमेरे लावा, नेमणुकीआधी माणसाची पूर्ण चौकशी करा, तक्रार आली की त्याच दिवशी नोंदवा. असे नियम रुग्णाला जपतात आणि नेकीने काम करणाऱ्यालाही. ‘पुरुष नकोच’ म्हणणं सोपं असतं, पण त्याने शाळेची आणि रुग्णालयाची जबाबदारी झाकली जाते. शिवाय लेकरांची सगळी कामं फिरून बायकांच्याच पदरात पडतात, तीही बहुधा कमी पगारात.

या चित्राची आणखी एक बाजू मी कॅज्युअल्टीत काम करताना पाहिली आहे. ज्याला दुसऱ्याची काळजी घेता येत नाही, त्याला स्वतःला काळजी लागत नाही, असंही आपण धरून चालतो. छातीत कळ येऊनही दोन दिवस ‘पित्त असेल’ म्हणणारे बाप्ये येतात. कर्जाचा घोर बायकोला सांगता न आलेला, विषाची बाटली प्यायलेला माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते. त्यामागे कर्ज, आजार, घरातले कलह अशी अनेक कारणं असतात. पण ‘मला सोसवत नाही’ हे तोंडाने म्हणायची सवय लहानपणी कुणी लावली असती, तर यांतले काही जण नक्की बोलले असते.

म्हणून मागणं साधं आहे. लिहिणाऱ्यांनी वाईट नवरे खुशाल लिहावेत, पण त्याच मालिकेत एखादा पुरुष सहज, कौतुकाची वाट न बघता, आजारी आईची चादर बदलताना दाखवावा. जाहिरातवाल्यांनी बावळट नवऱ्याला आता निवृत्त करावं. शासनाने बालसंगोपन रजेची ‘पत्नी हयात नाही’ ही अट काढावी आणि खासगी नोकरीतल्या बापालाही हक्काची रजा द्यावी. रुग्णालयांनी डिस्चार्जच्या वेळी बाळाला पाजणं, पुसणं, गुंडाळणं आईइतकंच बापालाही शिकवावं. आणि घरातल्या बायांनो, ‘राहू दे, तुला नाही जमायचं’ म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. पहिल्या खेपेला डायपर उलटाच लागेल. तो त्यालाच सुलटा करू द्या.