ओटीवरून : दाढांवरचा दाब

बेळगांवकडील एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. पत्र लहानसेंच आहे. वरच्या डाव्या दाढांवर कोणी तरी अंगठा रोवून दाबीत आहे असें त्यांस आठ महिने वाटत आहे. दांतांच्या डॉक्टरांस कांहीं सांपडत नाहीं. आणि घरांतील वडील मंडळी "हे मनाचे खेळ" असें म्हणून मोकळी होतात. "दाढ किडली असती तर बरें झालें असतें, निदान कोणी खरें तरी मानलें असतें," हें त्यांचें शेवटचें वाक्य. तें वाचून आम्हीं पत्र खालीं ठेविलें व थोडा वेळ ओटीवर येरझारा घातल्या. कारण हेंच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, तीन वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्या घरांत उच्चारलें होतें. या खेपेस कालिदासाच्या उपमांविषयीं लिहिण्याचें आम्हीं कबूल केलें होतें. तें आतां पुढील महिन्यांत.

दांतदुखी ही घरांत मानाची व्याधि आहे. गाल सुजतो, डोळ्यांस पाणी येतें, सूनबाई लवंग घेऊन धांवतात, पानावर मऊ भात येतो आणि मुलें सुद्धां पाय न वाजवितां चालतात. आमचें दुखणें त्या मानाचें नव्हतें. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर बसवितात, वरून पाणी ओततात, ती आकसते आणि आंतलें लांकूड कुरकुरतें. आमच्या दाढांभोंवतीं तशीच एक धाव बसली होती. सकाळीं उठतांच ती घट्ट असे, दहा-अकराच्या सुमारास सैल पडे, आणि दिवेलागणीस पुन्हां आवळूं लागे. ठणका नाहीं, कळ नाहीं, सूज नाहीं.

"दुखतें का?" असें घरांतून विचारणें होई.

"दुखत नाहीं."

"मग होतें तरी काय?"

"दाब वाटतो."

"अहो, पण दाब वाटतो म्हणजे काय?"

३६ वर्षें आम्हीं मुलांस शब्दांचे अर्थ सांगितले. ह्या एका शब्दाचा अर्थ स्वतःच्या कुटुंबास सांगतां येईना.

घरगुती उपाय सर्व झाले. लवंगतेल झालें, हळद-मीठ झालें, तुरटीच्या पाण्याच्या चुळा झाल्या. मग आम्हीं सुश्रुतसंहिता काढली. तिच्या निदानस्थानांत मुखरोग ६५ सांगितले आहेत व त्यांपैकीं खुद्द दांतांचे आठ. दालन, कृमिदंत, दंतहर्ष असें करीत आम्ही एकेकापाशीं थांबत गेलों. दंतहर्षाशीं कांहीं काळ मन अडलें. परंतु त्यांत दांतांस शीत व स्पर्श सोसवत नाहीं, आणि आमचे दांत तर बर्फासही दाद देत नव्हते. तिळाच्या तेलाचा गंडूष महिनाभर धरिला. तोंड मऊ झालें. दाब होता तेथेंच होता.

पुढें जें झालें तें सांगावयास संकोच वाटतो, पण पत्राचें उत्तर द्यावयाचें तर तेंच सांगितलें पाहिजे. पहिल्या दंतवैद्यांनीं क्ष-किरणांचें छायाचित्र काढिलें व "दांत निर्दोष आहेत" असें स्वच्छ सांगितलें. आम्हीं मनांत त्यांस अडाणी ठरविलें. दुसऱ्यांनीं एका दाढेचें रूट कॅनल केलें. पंधरा दिवस अगदीं उत्तम गेले. नव्या उपायाचा पहिला पंधरवडा बहुतेकांस मानवतोच. सोळाव्या दिवशीं दाब शेजारच्या दाढेवर जाऊन बसला. तेव्हां आम्ही तिसऱ्यांकडे गेलों आणि ती दाढ काढाच म्हणून हट्ट धरिला. त्यांनीं एकदां नको म्हटलें, दुसऱ्यांदां म्हटलें नाहीं. दोष त्यांचा मुळींच नव्हता असें म्हणवत नाहीं; पण हट्ट आमचा होता.

दाढ कागदाच्या पुडींत घेऊन घरीं आलों. नातवानें ती उजेडांत धरून चारी बाजूंनीं पाहिली व विचारलें, "आजोबा, हिला कीड कुठें आहे?" कीड नव्हतीच. मुळासकट शुभ्र, धडधाकट, ६२ वर्षें निमूटपणें चाकरी केलेली ती दाढ होती. "कौलांवर टाका, म्हणजे नवी येईल," असा सल्लाही त्यानें दिला. त्याच रात्रीं, जेथें दाढ नव्हती त्या रिकाम्या जागीं, दाब आला. त्या रात्रीइतकी भीति आम्हांस पूर्वीं वाटली नव्हती. जी वस्तु नाहीं ती दाबली जाते, याचा अर्थ आपली बुद्धि चळली असाच आम्हीं केला, आणि कोणास कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं शुल्लक कारणावरून नातवावर हात उगारला.

आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यास मुखरोगांचा वैद्य आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गानें त्यास दोनदां रडविलें होतें. आतां त्याची पाळी होती. त्यानें पहिला अर्धा तास तोंड उघडावयासच लाविलें नाहीं, नुसतें विचारीत बसला. खालीं वांकलें म्हणजे दाब वाढतो का? कारण वरच्या दाढांचीं मुळें गालाच्या हाडांतील पोकळीस अगदीं लागून असतात, आणि सर्दी तेथें सांचली म्हणजे सगळ्या वरच्या दाढा एकदम जड होतात. कठीण पदार्थ चावून जबडा सोडतांना कळ येते का? तसें असेल तर दाढेस बारीक तडा गेलेला असूं शकतो, जो छायाचित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं. वीज चमकावी तशी क्षणभर सणक येते का? ती आली तर विकार मुखाच्या मोठ्या मज्जातंतूचा. आणि जिना चढतांना दाब येतो व बसलें म्हणजे जातो, असें होतें का? हा प्रश्न त्यानें दोनदां विचारला. हृदयाचें दुखणें कधीं कधीं छातींत न दिसतां खालच्या जबड्यांत दिसतें. श्रमाबरोबर जबडा आवळूं लागला, घाम सुटला, दम लागला, तर दांतांचा विचार सोडून तडक रुग्णालय गांठावें, असें त्यानें बजावलें. आमच्या वयाच्या वाचकांनीं एवढें वाक्य पुन्हां वाचावें.

मग त्यानें आमच्या कानापुढें, गालाच्या हाडाखालीं, दोन बोटें टेकून जोरानें दाबिलीं. आम्ही खुर्चींतून उठलोंच. दाब थेट दाढांत उतरला. तोच, तेवढाच, त्याच जागीं. कानशिलावर दाबिलें तरी तसेंच. "सर, दांत बोलत नाहींत, स्नायू बोलत आहेत," तो म्हणाला. चावण्याचे स्नायू थकले म्हणजे आपली तक्रार पुष्कळदां स्वतःच्या जागीं न मांडतां दाढांच्या नांवावर मांडतात. शिवाय दांत हा भिंतींतल्या खिळ्यासारखा हाडांत ठोकलेला नसतो. हाड आणि मूळ यांच्यामध्यें सुमारें पाव मिलिमीटर जाडीचें तंतूंचें वेष्टन असतें, त्यावर तो झुलत असतो. त्या वेष्टनांत स्पर्श जाणणारे तंतु इतके सूक्ष्म आहेत कीं, केंसाहून पातळ वस्तु दांतांत आली तरी ती कळते. भातांतला खडा आपणांस कसा तत्काळ सांपडतो याचें आम्हांस आयुष्यभर नवल वाटे. त्याचें उत्तर तेथें मिळालें. अशा नाजूक वेष्टनावर रात्रंदिवस जबडा आवळून धरिला तर तें तक्रार करील, यांत आश्चर्य नाहीं.

आम्ही म्हणालों, आम्ही जबडा आवळीत नाहीं. तो हंसला व म्हणाला, "आत्तां वरचे आणि खालचे दांत एकमेकांस लागलेले आहेत कीं नाहींत?" लागलेले होते.

हें आम्हांस मुळींच ठाऊक नव्हतें. आमची समजूत, तोंड मिटलें म्हणजे दांत मिटावयाचेच. वस्तुतः स्वस्थ असतांना ओठ मिटलेले आणि दांत दोन ते चार मिलिमीटर विलग असावे लागतात. चावणें-गिळणें धरूनही निरोगी माणसाचे दांत आठ प्रहरांत सगळे मिळून वीस मिनिटांच्या आसपासच एकमेकांस भेटतात, असें ह्या शास्त्राचे लोक सांगतात. आम्ही वर्तमानपत्र वाचतांना, हिशेब लिहितांना, सुई ओंवून देतांना, तासन् तास ते भिडवून बसलेले असूं. रात्रींचा प्रकार तर आमच्या कुटुंबास पुष्कळ दिवस ठाऊक होता. "जातें फिरल्यासारखा आवाज येतो, पण म्हातारपणीं काय बोलावयाचें," असें त्यांनीं नंतर सांगितलें. दांतओठ खाणें, दांतखीळ बसणें, हे प्रयोग आम्हीं वर्गांत किती वेळां वाक्यांत उपयोग करून दाखविले असतील! भाषेस जें कळलें होतें तें आम्हांस कळलें नाहीं.

जबडा कशासाठीं आवळला जात होता, हेंही येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमचा वडिलार्जित वाडा बांधकामवाल्यास द्यावा असें धाकट्या बंधूंचें दोन वर्षें म्हणणें होतें. आम्ही 'नाहीं' म्हणत नव्हतों आणि 'होय' ही म्हणत नव्हतों. जेवणाच्या पंगतीस विषय निघाला कीं आम्ही ताटाकडे पाहून घास चावीत राहूं. पुढें एके दिवशीं बोललों, पुष्कळ बोललों, दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलें, आणि वाडा जावयाचा तो गेला. वाचकांस आतां वाटेल कीं दाबही गेला. तसें झालें नाहीं. वाड्याचा प्रश्न सुटला, दाब सुटला नाहीं. थोडा कमी झाला इतकेंच.

त्या विद्यार्थ्यानेंही तसें आश्वासन दिलें नव्हतें. "कारण विचाराल तर अर्धेंच सांगतां येईल," असें तो म्हणाला होता. स्नायूंचा भाग दिसतो. परंतु दाढ काढल्यावर त्या जागीं दाब राहतो तो मज्जातंतूंस लागलेल्या संवयीचा असावा, आणि तशी व्यथा असते हें वैद्यक मानतें. १९७६ सालीं मारबाख नांवाच्या अमेरिकन दंतशास्त्रज्ञानें अशाच प्रकारच्या एका जातीच्या रुग्णांविषयीं लिहिलें. त्यांस आपले दांत नीट जुळत नाहींत असें सारखें वाटतें, आणि ते ह्या दंतवैद्याकडून त्या दंतवैद्याकडे दांत घासून घेत फिरतात. त्यानें त्या विकारास 'आभासी चावा' अशा अर्थाचें नांव दिलें. नांव ऐकून आम्हांस बरें वाटलें. बुद्धि चळल्याची भीति त्या दिवशीं गेली, आणि ती गेली म्हणजे निम्मा भार जातो. त्यानें एक अट मात्र घातली: ज्या दाढेंत दोष दाखवून देतां येत नाहीं तीस यापुढें कोणीही कानस, सुई वा चिमटा लावावयाचा नाहीं, आम्हीं कितीही विनविलें तरी.

बाकीचे उपाय साधे होते. सुपारी बंद, हें सर्वांत जड गेलें. गालांवर ऊन पाण्याच्या फडक्याचा शेक. रात्रीं दांतांवर बसविण्याचें एक पारदर्शक कवच, ज्यानें आवळणें थांबत नाहीं पण दांत झिजत नाहींत. आणि दिवसां, दांत भिडले आहेत हें ध्यानांत येतांच ते सोडणें. यासाठीं जपानांत घरभर आठवणीच्या चिठ्या लावण्याची पद्धत आहे म्हणे. आमच्या नातवानें चिठ्या न लावितां आईच्या टिकल्यांचें पाकीट संपविलें: घड्याळावर एक, आरशावर एक, अमरकोशावर एक, कंदील ठेवण्याच्या कोनाड्यावर एक. देवघराच्या चौकटीवरची मात्र आमच्या कुटुंबानें काढून टाकिली. टिकली दिसली कीं जबडा सैल सोडावयाचा. पण सैल म्हणजे किती, हें आम्हांस समजेना, तेव्हां वर्णमाला उपयोगी पडली. 'म' हा ओष्ठ्य. तो म्हणतांना ओठ मिटतात, दांत मिटत नाहींत. हलकेच 'म' म्हणून तेथेंच थांबलें कीं जबडा आपल्या जागीं येतो. पाहुण्यांसमोर आम्ही मधूनच 'म' म्हणतों तेव्हां ते मान डोलावितात. त्यांस वाटतें आम्ही संमति देत आहों.

एक चूक सांगून ठेवितों. आम्ही मास्तर, दाबास रोज दहांपैकीं गुण देऊं लागलों. वही महिनाभर भरली आणि दाब वाढला. गुण द्यावयाचे म्हणजे तासातासास जीभ लावून परीक्षा घेणें आलें. वही बंद केल्यावर आठ दिवसांत फरक पडला. आतां कांहीं दिवस दाब नसतो, कांहीं दिवस असतो. पावसाळ्यांत अधिक असतो असें आम्हांस वाटतें, पण त्यावर आमचा फारसा विश्वास नाहीं.

बेळगांवच्या भगिनींनीं प्रथम ते चार-पांच प्रश्न विचारणारा वैद्य गांठावा, आणि दाढ काढून घेऊं नये. त्यांच्या घरांतील वडील मंडळींस आमची विनंति आहे. सुनेनें 'ठणकतें' म्हटलें कीं आपण तिला पोळपाटावरून उठवितों. 'आवळतें' म्हटलें तरी उठवावें. मनाचे खेळ म्हणून आम्हांस आमच्या घरांत कोणी हिणविलें नाहीं, कारण आम्ही घरांतले कर्ते आणि मिशा पांढऱ्या झालेले. हीच तक्रार सूनबाईंनीं केली असती तर आम्हीं काय म्हटलें असतें, ह्याचा विचार आम्हीं केला आहे, आणि तो आम्हांस फारसा भूषणावह नाहीं. त्यांस हें बोलूनही दाखविलें. त्या म्हणाल्या, "जाऊं द्या, मामंजी," आणि चहा ठेविला.

हें लिहीत असतां दोनदां नातू ओटीवरून गेला, आणि दोन्ही वेळां जातां जातां ओरडला, "आजोबा, दांत!" पाहतों तों भिडलेलेच. म.